तासिका तत्त्वावर व्यवस्थापकीय अर्थशास्त्र शिकवताना

तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांप्रमाणे मानधनावर, शिकवत असाल तर आधी तास मोजा. चार क्रेडिटचा विषय म्हणजे कागदावर ६० तास. गणपती, दिवाळी, अंतर्गत चाचण्या वजा केल्या की आखणी ४६ तासांचीच करावी. मागणी आणि लवचिकतेला १२, उत्पादन आणि खर्चाला १४, बाजार व किंमत ठरवण्याला १२ आणि उरलेले ८ तास राष्ट्रीय उत्पन्न, चलनवाढ वगैरेंना. हा शेवटचा भाग मुलं स्वतः वाचू शकतात. खर्चाचा भाग मात्र फळ्यावर सोडवल्याशिवाय कळत नाही.

पहिल्याच तासाला व्याख्या सांगू नका, गणित द्या. कॅन्टीनमधला वडापाव २० रुपयांचा २५ झाला आणि रोजची विक्री १२० वरून ८० वर आली. लवचिकता किती, म्हणजे किंमत जितके टक्के बदलली त्याच्या किती पट टक्क्यांनी विक्री बदलली? २० पायाभूत धरले तर १.३३ येते. किंमत २५ वरून २० वर उतरली असं उलट धरलं तर २.५. वर्ग इथे हमखास अडखळतो, आणि त्याला जरा वेळ अडखळू द्यावं. मग दोन्ही किमतींची सरासरी २२.५० आणि दोन्ही विक्रींची सरासरी १०० पायाला घ्या, उत्तर १.८ येईल, कुठूनही मोजा. लगेच गल्ला विचारा: २,४०० होता, आता २,०००. लवचिकता एकापेक्षा जास्त असेल तर भाव वाढवून गल्ला घटतो, हे आता पाठ करावं लागत नाही. याच उदाहरणात समोर नवी टपरी उघडली असं सांगितलं, तर मागणीवक्रच (कोणत्या किमतीला किती विक्री होईल हे दाखवणारी रेषा) सरकतो. किंमत बदलली की त्याच वक्रावर पुढेमागे, बाकी काही बदललं की वक्र सरकतो. या दोहोंतली गल्लत सर्वात जास्त होते, म्हणून दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी काढा.

खर्चाच्या प्रकरणासाठी लातूरची डाळ मिल घ्यावी. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, हे वर्गाला सांगा. मिल दुसऱ्यांची तूर मजुरीवर भरडून देते. दर क्विंटलला ३०० रुपये. वीज, हमाली, पोती मिळून १८० खर्च. भाडं, हप्ता, कायम कामगार यांचे महिन्याला २,४०,००० जातातच. क्विंटलमागे १२० उरतात, म्हणजे ना नफा ना तोटा २,००० क्विंटलवर. इथवर सगळे येतात.

आता हंगाम सरला आणि १,२०० क्विंटलच काम आलं. मिल चालू ठेवायची का? बहुतेक हात ‘बंद करा’ म्हणून वर होतात, कारण ९६,००० तोटा दिसतो. बंद केली तर त्या महिन्यात तोटा २,४०,००० होतो, हे त्यांनाच मांडायला लावा. दर १८० च्या खाली गेला तरच त्या महिन्यापुरती बंद करणं शहाणपणाचं. भाड्याचा करार संपत आला असेल तर हिशोब नव्याने करावा लागतो, कारण मग भाडंही टाळता येतं. या एका गणिताला सलग दोन तास द्या. व्यवस्थापनाच्या मुलांना यातून जे मिळतं, ते दहा व्याख्यांतून मिळत नाही.

बाजाराच्या प्रकारांत एक सावधगिरी. सोयाबीनचा शेतकरी भाव ठरवू शकत नाही, म्हणून मोंढ्याला (शेतमालाच्या घाऊक बाजाराला) सरसकट ‘पूर्ण स्पर्धा’ म्हटलं जातं. विकणारे हजारो असले तरी त्या दिवशी बोली लावणारे किती, तेही विचारा. खरेदीदार मोजके असले तर ती पूर्ण स्पर्धा नव्हे. शेतकरी घरची मुलं इथे तुमच्यापेक्षा जास्त बोलतील, बोलू द्या.

पदवी मराठी माध्यमातून झालेल्यांसाठी फळ्याच्या एका कडेला ‘सीमांत खर्च – मार्जिनल कॉस्ट’ अशी यादी रोज वाढवत न्या. समजावणं मराठीत, पण आकृतीवरची नावं परीक्षेच्या भाषेत. अक्षांना नावं नसलेली आकृती तपासायला घेऊच नका.

वर्ग संपल्याबरोबर तारीख, वेळ, वर्ग आणि शिकवलेला घटक नोंदवहीत लिहून विभागप्रमुखांची सही घ्या. महिनाअखेरीस एकदम लिहिलेली नोंद वेळापत्रकाशी जुळत नाही आणि मानधनाचं बिल परत येतं.

चाचणीत १० गुणांचा प्रश्न असेल तर सूत्राला २, आकडेमोडीला ३ आणि ‘मालकाने काय करावं व का’ याला ५ गुण ठेवा. ही वाटणी पहिल्या आठवड्यातच सांगून टाका.