८ मिमी फिल्म घरी डिजिटल करताय? आधी दिव्याचं बघा

घरी ८ मिमी किंवा सुपर ८ फिल्म स्कॅन करायचा सेटअप जमवताना बहुतेकांचं सगळं लक्ष कॅमेऱ्याकडे असतं. माझ्या मते आधी दिव्याकडे बघावं. जुना प्रोजेक्टर वापरणार असाल, तर त्याचा मूळ दिवा काढूनच टाका. फ्रेम गेटमध्ये (दिव्यासमोरच्या खिडकीत) थांबली की दिव्याच्या उष्णतेने ती करपते, आणि करपलेली फ्रेम परत मिळत नाही. त्याजागी ९५ च्या आसपास सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा १०० पैकी आकडा) असलेला पांढरा एलईडी लावा, समोर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा. हा तुकडा फिल्मला चिकटवू नका. एक-दोन सेंटिमीटर मागे राहिला की त्याच्यावरची धूळ फोकसमध्ये येत नाही.

सुपर ८ ची फ्रेम जेमतेम ५.८ × ४ मिलिमीटरची. १:१ मॅक्रो लेन्सनेही (वस्तू सेन्सरवर मूळ आकारात उमटवणाऱ्या) ती सेन्सरचा छोटासाच भाग व्यापते, म्हणून कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये एक्स्टेन्शन ट्यूब (प्रतिमा मोठी करणारी पोकळ नळी) जोडा. फोकस चित्रावर नको, ग्रेनवर (फिल्ममधल्या बारीक कणांवर) करा. हौशी शूटिंगमध्ये चित्रच कधीकधी धूसर असतं, ग्रेन मात्र खरं सांगते. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअल ठेवा, नाहीतर प्रत्येक फ्रेमचा उजेड वेगळा येऊन व्हिडिओ लुकलुकतो.

फ्रेमगणिक एक फोटो काढून नंतर व्हिडिओ जोडताना साध्या ८ मिमीला सेकंदाला १६ आणि सुपर ८ ला १८ फ्रेम धरा.

डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला, तर ती रीळ आधी घ्या. अशी फिल्म आकसत जाते, आणि आकसलेली फिल्म प्रोजेक्टरच्या दातऱ्यांवर फाटते.