ऑन्टारियोतला पहिला हिवाळा: सकाळचं डोकं दुखणं पित्ताचं समजू नका

कॅनडात टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधल्या बेसमेंटमधला आमचा पहिला जानेवारी. रोज सकाळी उठले की माझं डोकं जड, पोटात मळमळ. नवऱ्याला गरगरायचं. मी म्हणायची, पित्त आहे, रात्री उशिरा जेवतो ना. आमसुलाचं सार झालं, सुंठ-साखर झाली. कामावर गेलं की दुपारपर्यंत बरं वाटायचं आणि रविवारी दिवसभर घरात बसलो की पुन्हा तेच. कामावरच्या एका नर्स मैत्रिणीने विचारलं, "घरातल्या दोघांनाही एकदमच होतंय का? आणि बाहेर पडलं की थांबतं?" मी हो म्हटलं. तिने मला जागेवरूनच 911 ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन करायला लावला.

आमच्या झोपायच्या खोलीला लागूनच फर्नेसची, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीची, खोली होती. तिथल्या वॉटर हीटरचा धूर बाहेर नेणारा पाइप जोडापाशी निसटला होता आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आमच्याकडे येत होता. घरात त्याचा अलार्म होता, पण वर, घरमालकांच्या पॅसेजमध्ये. खाली आमच्यासाठी काहीच नव्हतं. म्हणून आता कुणी नवीन आलं की सिन नंबर (नोकरीसाठी लागणारा सरकारी नंबर) काढला का, बँकेत खातं उघडलं का, हे विचारण्याआधी मी विचारते: तुम्ही झोपता त्या दाराबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का?

आपली सगळी भिस्त नाकावर असते. सिलिंडर गळला की वास येतो, मग रेग्युलेटर बंद, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं आहे. इथल्या पाइपने येणाऱ्या गॅसलाही तसा वास मुद्दाम मिसळलेला असतो. पण कार्बन मोनॉक्साइड म्हणजे गळलेला गॅस नव्हे. गॅस, लाकूड, कोळसा, पेट्रोल, काहीही अर्धवट जळलं की तो तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. बाथरूममधल्या गॅस गिझरने गुदमरून गेल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचलेल्या आहेत, तो हाच वायू. इथे फरक एवढाच की कोंदट बाथरूमच्या जागी पाच महिने दारं-खिडक्या घट्ट लावलेलं अख्खं घर असतं.

रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. कोविडपासून अनेकांच्या घरात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे. त्यावर इथे अजिबात विसंबू नका. साध्या ऑक्सिमीटरला हा वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे माणूस बेशुद्धीच्या वाटेवर असला तरी आकडा 98 दिसू शकतो. फ्लूसारखं वाटतंय पण ताप नाही, घरातल्या सगळ्यांना एकदमच होतंय, बाहेर गेलं की उतरतं, ही खूण लक्षात ठेवा. घरात कुणी गरोदर असेल तर जास्तच जपा, कारण पोटातल्या बाळाला आईपेक्षाही अधिक धोका असतो.

डिसेंबर 2008 मध्ये इथल्या वुडस्टॉक गावात हॉकिन्स कुटुंबातले चौघे, आई-वडील आणि दोन मुलं, याच वायूने गेले. गॅस फायरप्लेसचा धूर बाहेर नेणारा मार्ग तुंबला होता आणि घरात अलार्म नव्हता. त्यानंतर त्यांच्या नातेवाइकांनी लावून धरलं आणि 2013 मध्ये त्यांच्या नावाचा कायदा झाला, हॉकिन्स-गिनॅक कायदा. गॅसवर किंवा इतर इंधनावर चालणारं उपकरण, फायरप्लेस किंवा घराला जोडलेलं गॅरेज असेल, तर झोपायच्या जागेजवळ अलार्म हवाच. 1 जानेवारी 2026 पासून अशा घरांत प्रत्येक मजल्यावर तो लागतो, आणि बेसमेंट हाही मजलाच. भाड्याच्या घरात तो बसवायची आणि चालू ठेवायची जबाबदारी घरमालकाची. मागायला संकोच करू नका. "काका, खाली अलार्म लावून द्या" एवढं म्हणायचं, आणि शक्यतो मेसेजवर, म्हणजे लेखी राहतं. चार दिवसांत हलले नाहीत तर स्वतः विकत आणा, साधारण 30 ते 60 डॉलरचं काम आहे. भांडण नंतर करता येईल.

लावायचा कुठे? आधी झोपायच्या खोल्यांबाहेरच्या पॅसेजमध्ये, दार बंद असतानाही आवाजाने जाग येईल इतका जवळ. दार लावून, पंखा किंवा हीटर चालू ठेवून झोपत असाल तर खोलीतही एक असू द्या. उंचीबद्दल लोक फार वाद घालतात. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून हाही खाली लावायचा असं अनेकांना वाटतं. कार्बन मोनॉक्साइड हवेपेक्षा किंचित हलका आहे आणि हवेत सगळीकडे मिसळतो. त्यामुळे डब्यावर लिहिलेली उंची पाळा. मात्र धूर आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्हींचा एकत्र अलार्म असेल तर तो छतावर किंवा भिंतीवर अगदी वरच हवा, कारण धूर वर जातो. पडद्यामागे, कपाटाआड, बाथरूमच्या वाफेत किंवा फर्नेसला खेटून लावू नका. प्लगचा घेतलात तर आत बॅटरीही असलेलाच घ्या, वीज जाते तेव्हाच तर लोक नको ते पेटवतात.

आता आपल्या घरांतली सगळ्यात मोठी चूक. मिरचीची फोडणी पडते, अलार्म कोकलतो, कुणीतरी स्टुलावर चढून बॅटरी काढतं आणि ती काढलेलीच राहते. एकत्र अलार्म असेल तर फोडणीच्या धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइडचा पहाराही गेला. बॅटरी काढू नका. स्वयंपाकघरापासून लांब लावा, फोडणीआधी एक्झॉस्ट चालू करा, आणि वाजलाच तर थोडा वेळ गप्प करायचं बटण त्याच्यावरच असतं. आवाज ओळखायला शिका: तीन-तीनदा वाजला तर धूर, चार-चारदा वाजला तर कार्बन मोनॉक्साइड, मिनिटाला एखादी चिवचिव असेल तर बॅटरी संपत आली किंवा अलार्मचंच आयुष्य संपलं. तो पाच ते दहा वर्षं टिकतो, तारीख पाठीवर छापलेली असते. भाड्याचं घर ताब्यात घेताना तो उलटा करून बघाच.

चार-चारदा वाजला की खिडकी उघडून बघत बसायचं नाही. सगळ्यांनी कोट चढवून बाहेर, माणसं मोजायची, मग 911. फायरचे लोक आत जाऊन मोजून सांगेपर्यंत पासपोर्ट आणायलासुद्धा परत शिरू नका.

फर्नेसची खोली आपल्याकडे हमखास अडगळीची होते. बॅगा, तांदळाची पोती, वाळत घातलेले कपडे. दाराच्या जाळीला काही टेकवू नका, ज्योतीला तिथूनच हवा मिळते. बर्फ पडला की घराच्या बाजूने बाहेर आलेले फर्नेसचे पांढरे पाइप मोकळे करा. गाडी गॅरेजमध्ये चालू ठेवू नका, वरचा शटर उघडा असला तरी. आणि बर्फात रुतलेली गाडी काढताना मुलांना ऊब मिळावी म्हणून आत बसवून इंजिन चालू करतात, तेव्हा आधी मागचा सायलेन्सर बर्फातून मोकळा करा, नाहीतर धूर सरळ मुलांकडे येतो. डिसेंबर 2013 च्या हिमवादळात टोरोंटोत कित्येक घरांची वीज काही दिवस गेली होती. तेव्हा घरात कोळशाचं बार्बेक्यू आणि गॅरेजमध्ये जनरेटर लावल्यामुळे लोकांना विषबाधा झाली.

लेकीच्या बाळंतपणासाठी आई येते तेव्हाचंही सांगते. ओवा, बाळंतशेपा, डिंक सगळं बॅगेत असतं. मग शेक-शेगडीची आठवण होते आणि बागेतल्या बार्बेक्यूचे निखारे लोखंडी कढईत घालून बाळंतिणीच्या खोलीत येतात, दार लावून. मायेने केलेलं असतं, पण बंद खोलीतले निखारे धूर दिसेनासा झाल्यावरही हा वायू सोडत राहतात, आणि त्या खोलीत सगळ्यात लहान जीव झोपलेला असतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी वापरा. धुरीचा हट्ट असेल तर तो आई विमानात बसण्याआधीच फोनवर सोडवा, इथे आल्यावर दारात उभं राहून नाही म्हणणं अवघड जातं.