एकदाच मिळालेले मानधन आयकर विवरणपत्रात कसे दाखवावे

पुण्यात नोकरी सांभाळून वर्षातून एखादे बाहेरचे काम करणारी माणसे पुष्कळ आहेत. कोणी दिवाळी अंकासाठी लेख लिहितो, कोणी अप्पा बळवंत चौकातल्या प्रकाशकाला एखादे पुस्तक अनुवादित करून देतो, कोणी बालगंधर्व रंगमंदिरातल्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन करतो, तर हिंजवडीतला एखादा अभियंता ओळखीच्या कारखान्याला महिनाभर सल्ला देतो. रक्कम लहान असते आणि ती पुन्हा मिळेलच असे नसते, त्यामुळे विवरणपत्र भरताना ती सहज सोडून दिली जाते. ती सोडू नये आणि योग्य रकान्यात दाखवावी, एवढ्यासाठीच हे लिहीत आहे. येथले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ मधील उत्पन्नाचे आहेत. आयकर अधिनियम २०२५ हा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असला, तरी त्या तारखेआधीच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो, म्हणून कलमांचे क्रमांकही त्याच कायद्याचे दिले आहेत.

सर्वांत मोठा गैरसमज ५०,००० रुपयांच्या आकड्याभोवती आहे. कलम १९४जे खाली व्यावसायिक सेवेचे शुल्क वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त झाले, तर देणाऱ्याने सामान्यतः १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापायचा असतो. १ एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती. देणारा स्वतः लहान व्यावसायिक असेल आणि त्याची उलाढाल ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर त्याच्यावर हे बंधनही नसते. पण टीडीएस कापला गेला नाही म्हणून रक्कम करमुक्त होत नाही. तो केवळ कर आगाऊ वसूल करण्याचा मार्ग आहे. दुसरा ५०,००० चा आकडा भेटींचा आहे. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेल्या एकूण ५०,००० रुपयांपर्यंतच्या भेटींवर कर नाही, परंतु ती सवलत कोणत्याही मोबदल्याशिवाय मिळालेल्या रकमेला आहे. व्याख्यानानंतर शाल आणि श्रीफळासोबत दिलेल्या पाकिटावर ‘सप्रेम भेट’ असे लिहिलेले असले, तरी आतली रक्कम व्याख्यानाचे मानधन आहे आणि ती रोख मिळाली तरी उत्पन्नच आहे.

यानंतर ही रक्कम कोणत्या शीर्षकाखाली दाखवायची ते ठरवावे लागते. काम खरोखर एकदाच झाले असेल, त्यासाठी जाहिरात, कार्यालय किंवा नियमित ग्राहक असे काही नसेल, तर ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ हे शीर्षक योग्य ठरते. तेच काम दरवर्षी किंवा वर्षातून अनेकदा पैसे घेऊन केले जात असेल, तर तो व्यवसाय समजावा आणि विवरणपत्राच्या आयटीआर-३ किंवा आयटीआर-४ या नमुन्यांकडे वळावे. या दोहोंमधली सीमारेषा कायद्याने संख्येत आखून दिलेली नाही. माझ्या मते स्वतःला विचारण्याचा प्रामाणिक प्रश्न एकच आहे: पुढचे काम मिळावे म्हणून मी काही प्रयत्न करतो का? उत्तर ‘हो’ असेल, तर ‘इतर स्रोत’ हा सोयीचा रकाना आपल्यासाठी नाही.

व्यवसाय दाखवायचा असेल, तर कलम ४४एडीए चे नाव हमखास ऐकू येते. त्यात एकूण जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरली जाते आणि खर्चाचा हिशेब द्यावा लागत नाही. परंतु ही सोय कायदा, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापाल, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि माहिती तंत्रज्ञान अशा नेमून दिलेल्या व्यवसायांनाच आहे. पुस्तकाचा अनुवादक या यादीत नाही. शिवाय जुनी करप्रणाली निवडणाऱ्या नोकरदाराने एकदा व्यवसायाचे उत्पन्न दाखवले, की त्याला मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो आणि दरवर्षी प्रणाली बदलण्याची त्याची मोकळीक जाते. म्हणून निम्मी रक्कम वाचते एवढ्या मोहाने आयटीआर-४ निवडू नये.

इतर स्रोतांखाली रक्कम दाखवताना खर्चाची वजावट मिळू शकते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. कलम ५७(iii) नुसार ते उत्पन्न मिळवण्यासाठीच पूर्णपणे झालेला खर्च वजा होतो आणि नव्या प्रणालीतही ही वजावट टिकून आहे. मात्र त्यात वैयक्तिक खर्च चालत नाही आणि लॅपटॉपसारख्या टिकाऊ वस्तूची किंमतही चालत नाही. आयटीआर-१ मध्ये या वजावटीला जागाच नाही; तेथे कलम ५७ खाली फक्त कुटुंब निवृत्तिवेतनाची वजावट घेता येते. त्यामुळे खर्च दाखवायचा असेल, तर आयटीआर-२ भरावा.

या वजावटीने किती फरक पडतो ते एका हिशेबातून पाहता येईल. समजा, कोथरूडला राहणाऱ्या एका नोकरदाराचे प्रमाणित वजावटीनंतरचे पगाराचे उत्पन्न ११,८०,००० रुपये आहे आणि तो नव्या प्रणालीत आहे. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणाऱ्या कलम ८७ए च्या सवलतीमुळे त्याला कर शून्य आहे. त्याला एका अनुवादाचे ३०,००० रुपये मिळाले, तर एकूण उत्पन्न १२,१०,००० होते आणि १२ लाखांची मर्यादा ओलांडली जाते. टप्प्यांनुसार कर ६१,५०० निघतो. पण सीमांत सवलतीमुळे तो १२ लाखांवरच्या रकमेइतका, म्हणजे १०,००० रुपये राहतो आणि ४ टक्के उपकर धरून १०,४०० रुपये भरावे लागतात. आता अक्षरजुळणीसाठी त्याने ८,००० रुपये दिले असतील आणि त्याची पावती जपली असेल, तर उत्पन्न १२,०२,००० होते आणि भरायची रक्कम फक्त २,०८० रुपये उरते. आठ हजारांच्या एका पावतीने ८,३२० रुपये वाचले. सीमेच्या आसपास नसलेल्यांना एवढा फरक पडत नाही. उत्पन्न १२ लाखांच्या बरेच आत असेल, तर मानधन दाखवूनही कर शून्यच राहतो आणि टीडीएस कापला गेला असेल, तर तो परत मिळतो. २४ लाखांवरच्या उत्पन्नावर मात्र उपकरासह ३१.२ टक्के कर जातो.

याच हिशेबात आगाऊ कराचा मुद्दाही येतो. टीडीएस वजा जाता वर्षाचा देय कर १०,००० किंवा अधिक असेल, तर १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या तारखांना तो हप्त्यांनी भरायचा असतो, नाहीतर कलम २३४बी आणि २३४सी खाली दरमहा १ टक्का व्याज लागते. वर उल्लेखलेल्या नोकरदाराने पावती जपली नसती, तर तो १०,४०० रुपयांमुळे या नियमात सापडला असता. यावर सोपा उपाय असा की मानधन मिळताच कंपनीच्या पगार विभागाला लेखी कळवावे. कलम १९२(२बी) नुसार ते ही रक्कम धरून पगारातूनच कर कापू शकतात. तत्पूर्वी बाहेरचे काम करण्यास नियुक्तिपत्रात मनाई आहे का, तेही पाहून घ्यावे.

प्रत्यक्ष विवरणपत्र भरण्यापूर्वी आयकर विभागाच्या पोर्टलवरून फॉर्म २६एएस, म्हणजे आपल्या नावे कापलेल्या कराचा तपशील, आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, उतरवून घ्यावे. शेवटच्या तिमाहीचे टीडीएस विवरण देणाऱ्याने ३१ मेपर्यंत भरायचे असते आणि त्यानंतर फॉर्म १६ए, म्हणजे कापलेल्या टीडीएसचे प्रमाणपत्र, मिळतो, त्यामुळे जूनच्या मध्यापूर्वी विवरणपत्र भरण्याची घाई करू नये. बँकेत ५४,००० जमा झाले आणि २६एएस मध्ये ६०,००० दिसत असले, तर उत्पन्न म्हणून ६०,००० च दाखवावे आणि ६,००० रुपयांचे श्रेय टीडीएसच्या परिशिष्टात घ्यावे. दिवाळी अंकाच्या मानधनाबाबत आणखी एक अडचण येते: देणारा मार्चमध्ये नोंद करून टीडीएस कापतो आणि धनादेश एप्रिलमध्ये हाती पडतो. अशा वेळी ज्या वर्षीचा टीडीएस मागायचा, त्याच वर्षी उत्पन्नही दाखवावे, म्हणजे विसंगतीची सूचना येत नाही. एआयएसमध्ये नसलेली रक्कमही स्वतःहून लिहावी. आयटीआर-२ मध्ये इतर स्रोतांच्या परिशिष्टात ‘अन्य’ हा पर्याय निवडून ‘अनुवादाचे मानधन’ असे स्पष्ट वर्णन द्यावे. कर उरत असेल, तर तो स्वयंनिर्धारण कर म्हणून पोर्टलवरच भरून चलनाचा तपशील नोंदवावा. आयटीआर-१ आणि आयटीआर-२ ची नेहमीची मुदत ३१ जुलै आहे आणि विवरणपत्र भरल्यापासून ३० दिवसांत त्याची ई-पडताळणी करावी लागते.

मागच्या एखाद्या वर्षीचे मानधन दाखवायचे राहून गेले असेल, तर कलम १३९(८ए) खाली अद्ययावत विवरणपत्र भरता येते. संबंधित करनिर्धारण वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या आर्थिक वर्षानंतरचे वर्ष, संपल्यापासून पहिल्या १२ महिन्यांत कर आणि व्याज यांच्या २५ टक्के, २४ महिन्यांपर्यंत ५० टक्के, ३६ पर्यंत ६० टक्के आणि ४८ पर्यंत ७० टक्के जादा रक्कम भरावी लागते. परतावा मागण्यासाठी हे विवरणपत्र वापरता येत नाही.