कॉलेज निवडायचं? मंगळवारी दुपारी दोन वाजता जाऊन बघा

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. म्हणजे फी भरायची वेळ आणि बियाण्याच्या थैल्या आणायची वेळ एकच. खिसा रिकामा आणि डोक्यात घाई, अशा त्या पंधरा-वीस दिवसांत आपल्याकडची बहुतेक पोरं कॉलेज ठरवून टाकतात. कोणी मित्र गेला म्हणून जातं, कोणी मामाचं घर जवळ आहे म्हणून, तर कोणी दारावर आलेल्या एजंटच्या गाडीत बसून. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी दर उन्हाळ्यात पोरांचे फॉर्म भरून देतो. त्यातून जे कळलं ते इथं लिहितो.

दिवाळीतच कागद काढा

कॉलेज बघायच्या आधी कागद. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीत असतानाच टाका. समितीकडून ते यायला महिनोन्‌महिने लागू शकतात आणि निकालानंतर पळापळ करून हाती काही लागत नाही. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर हे सेतू केंद्रात किंवा आपले सरकार पोर्टलवर मिळतात, पण जूनमध्ये तिथं पीक कर्जाच्या कागदांसाठी आलेली माणसंही रांगेत असतात. बँक खातं आधारला जोडलेलं आहे ना, तेही आत्ताच बघा. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरची शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते आणि खातं जोडलेलं नसलं की वर्षभर अडकते.

मुलींच्या घरच्यांनी एक गोष्ट मुद्दाम माहीत करून घ्यावी. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा. मॅनेजमेंट कोट्यातून (संस्थेच्या हातातल्या जागेवर) घेतला की ही सवलत गेली. ‘पोरीसाठी एवढा खर्च कुठून करू’ म्हणणाऱ्या बापाला हे कोणीतरी सांगायला हवं.

मग जाऊन बघा, पण जूनमध्ये नाही

जूनमध्ये सगळीच कॉलेजं गोड बोलतात. भिंतींना रंग असतो, दारात मांडव असतो, चहा येतो. खरं कॉलेज बघायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, साध्या मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमारास जा. आणि रोज ज्या एसटीनं जाणार त्याच एसटीनं जा, कोणाच्या मोटारसायकलवर नाही.

गेल्या वर्षी पुतण्याला घेऊन मी असाच एका कॉलेजात गेलो. माहितीपत्रकावर मोठी इमारत, चार प्रयोगशाळा. दोन वाजता दोन वर्ग भरलेले होते, बाकी ओसाड. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेला कुलूप, आणि कुलपावर गंज. ग्रंथालयात पोराला म्हटलं, फिजिक्सचं कोणतंही पुस्तक काढ आणि मागची चिठ्ठी बघ. शेवटचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा. पोरगं म्हणालं, “काका, हे तं कोनं उघडलंच नाई.” दुसरं कॉलेज दिसायला साधं, पत्र्याची सायकल स्टँड, पण तिथल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या शिक्क्यांनी भरून वर दुसरी चिठ्ठी चिकटवलेली. त्यानं तेच घेतलं.

ऑफिसातल्या बाबूपेक्षा समोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा. पोरं रोज नोट्स काढायला येतात की फक्त परीक्षेच्या आदल्या आठवड्यात, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. मुलींनी स्वच्छतागृह उघडून बघावं, नळाला पाणी आहे का ते पाहावं. आणि शेवटच्या गाडीची वेळ लिहून घ्या. ग्रंथालय आठपर्यंत उघडं असतं म्हणतात, पण तुमची गाडी साडेपाचला सुटत असेल तर ते ग्रंथालय तुमचं नाही.

मान्यता कशाची आणि कुठली

कॉलेजला मान्यता आहे का हे बघायचं काम घरबसल्या मोबाईलवर होतं, तरी लोक करत नाहीत. मान्यता देणाऱ्या संस्था अशा: इंजिनिअरिंगला एआयसीटीई, फार्मसीला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडिया, बीएडला एनसीटीई, वकिलीला बार कौन्सिल. त्या संस्थेच्या संकेतस्थळावर कॉलेजचं नाव स्वतः शोधा. यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) बनावट विद्यापीठांची यादी काढते, तीही एकदा चाळा. नॅकची (कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था) श्रेणी सांगितली तर वर्ष विचारा. ती साधारण पाच वर्षांची असते, फाटकावरचा फलक मात्र कोणी उतरवत नाही.

विद्यापीठ कुठलं तेही बघून ठेवा. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांसाठी संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियासाठी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ. चंद्रपूर-गडचिरोलीसाठी २०११ पासून गोंडवाना. गुणपत्रिकेत नाव चुकलं तर खेटे तिथंच घालावे लागतात.

शेतकी कॉलेज घेणाऱ्यांनी एवढंच विचारावं की कॉलेजचं वावर (शेत) कुठं आहे आणि पोरं तिथं आठवड्यातून किती दिवस जातात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्वतःची कॉलेजं आणि त्याला जोडलेली खासगी कॉलेजं यांत बऱ्याचदा फरक पडतो तो इथंच.

एजंटबद्दल एकच सांगतो: मूळ टीसी आणि गुणपत्रिका त्याच्या हातात देऊ नका. ‘फक्त दाखवून आणतो’ म्हणून नेलेल्या टीसीसाठी आमच्या गावातल्या एका पोराचं अख्खं वर्ष गेलं. कॉलेजनंसुद्धा मूळ कागद तपासून परत द्यायचे असतात, ठेवून घ्यायचे नाहीत, असा यूजीसीचा नियम आहे.

पसंतीक्रम

एमएचटी-सीईटी (इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या प्रवेशांची परीक्षा) दिलेल्या पोरांनी मागच्या वर्षी कुठं किती गुणांवर प्रवेश थांबला ती कटऑफ यादी, ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि आपल्या प्रवर्गाचा रकाना बघावा. पण फॉर्ममधला कॉलेजांचा क्रम आवडीचाच असावा. ‘हे मिळणार नाही’ म्हणून चांगलं कॉलेज खाली ढकलू नका. आणि जिथं जायचंच नाही ते वर तर मुळीच टाकू नका, कारण पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो आपोआप पक्का होतो.

खर्च मांडताना फी शेवटी लिहा. आधी प्रवास (विद्यार्थी पासाला एसटीत दोन-तृतीयांश सूट आहे), मग खोली, मेस, पुस्तकं. समाजकल्याणचं वसतिगृह मिळालं नाही तर अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी स्वाधार, अनुसूचित जमातींसाठी स्वयम्, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, या राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत करणाऱ्या योजनांतलं तुम्हाला काय लागू होतं ते विचारा.

प्रवेश झाला. आता?

आपल्याकडे इथंच घोळ होतो. पोरगं नावाला बीएला, सकाळी ग्राउंडवर पोलीस भरतीची तयारी, कॉलेजात फक्त पेपरला. भरतीची तयारी जरूर करा, पण फी भरलेलं कॉलेज फुकट का घालवता?

पहिल्या आठवड्यात ग्रंथालयाचं कार्ड काढा आणि त्याच दिवशी एक पुस्तक घरी न्या. पहिल्या महिन्यात एका तरी प्राध्यापकाला तुमचं नाव माहीत झालं पाहिजे. त्यासाठी तास संपल्यावर एक खरी शंका घेऊन जा, बस. पुढं शिफारसपत्र, प्रकल्प, इंटर्नशिपची खबर हे सगळं नाव माहीत असलेल्या पोराकडेच येतं. नागपूर-पुण्याला गेलात आणि ‘काऊन’ (का) म्हटल्यावर कोणी हसलं, तर हसू द्या, पण प्रश्न पूर्ण विचारा. मी स्वतः त्या हसण्यापायी पहिलं वर्ष मागच्या बाकावर काढलं, त्याची चुटपूट अजून आहे.

एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजना) दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं शिबिर असतं. गावात श्रमदान केलेल्या पोरांना ते जड नाही आणि शहरातल्या पोरांसमोर बोलायची भीडही तिथंच चेपते. घरची ओढाताण असेल तर ‘कमवा आणि शिका’ आहे का ते ऑफिसात विचारा. बऱ्याच ठिकाणी असतं, पण फलकावर लावत नाहीत. हजेरी ७५ टक्के धरून चाला. कापूस वेचणीला किंवा तूर काढायला चार दिवस घरी राहावं लागणार असेल तर आधीच अर्ज देऊन ठेवा. रॅगिंगचा त्रास झाला तर १८००-१८०-५५२२ हा क्रमांक फोनमध्ये असू द्या.

आणि एवढं करूनही कॉलेज चुकलंच, तर दुसऱ्या वर्षी बदलता येतं. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं पहिल्याच वर्षी उघडा, पास झालेल्या विषयांचे गुणांक, म्हणजे क्रेडिट, तिथं नोंदले जातात. फक्त नव्या कॉलेजातली जागा लेखी हातात आल्याशिवाय जुन्या कॉलेजातून टीसी काढू नका.