छोट्या मशीन शॉपला चांगला सीएनसी सेटर कसा मिळेल

भोसरी, चाकण, सातपूर, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत चक्कर मारा, ‘सीएनसी/व्हीएमसी ऑपरेटर पाहिजेत’ असा, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथ आणि मिलिंग मशीनसाठी माणसं मागणारा, बोर्ड दिसणारच. बोर्ड वर्षभर तिथेच असतो, यातच सगळं आलं. दहा-पंधरा मशीनच्या शॉपला चणचण असते सेटरची, आणि बोर्डावर मागितलेला असतो ऑपरेटर.

म्हणून आधी काम ठरवा. ऑपरेटर जॉब (कापायचा तुकडा) लावतो-काढतो, मोजतो, वेअर ऑफसेट (टूल झिजल्यावर मापात करायची दुरुस्ती) देतो. सेटर जॉ (जॉब पकडणारे चकचे जबडे) मापाला बोअर करतो, टूल लावून ऑफसेट (टूलच्या टोकाचं मशीनमधलं माप) घेतो आणि पहिला पीस पास करून मशीन ऑपरेटरच्या ताब्यात देतो. ड्रॉइंगवरून प्रोग्राम लिहिणारा आणखी वेगळा. तिघांचं काम एकाच्या पगारात मागितलंत तर येणारा ऑपरेटरच असेल. जाहिरातीत मशीनचा कंट्रोल (संगणक) फॅनुक आहे की सीमेन्स, मटेरियल कोणतं, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) किती, शिफ्ट कोणत्या आणि सुट्टी कोणत्या वारी, एवढं तरी लिहा. ‘अनुभवी व मेहनती’ या शब्दांनी कोणाला काही कळत नाही.

पगाराचा आकडा लिहाच. ‘योग्यतेनुसार’ वाचलं की हुशार माणूस पुढे सरकतो, कारण तो आधीच कुठेतरी कामाला आहे आणि चौकशीसाठी खाडा करायला तयार नाही. आकडा लिहितानाही हातात किती पडणार ते सांगा. समजा एकूण पगार २०,००० रुपये, त्यातला बेसिक आणि डीए मिळून १४,०००. पीएफचे १२ टक्के म्हणजे १,६८०, ईएसआयचे ०.७५ टक्के म्हणजे १५०, व्यवसाय कर २००. हातात पडतात १७,९७०. हा हिशेब जॉइन होण्याआधी कागदावर दाखवला नाही, तर पहिल्या पगाराच्या दिवशी माणसाला फसवल्यासारखं वाटतं आणि पुढच्या महिन्यात तो दिसत नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने देणार का, हा प्रश्न तो विचारणारच. कायद्याने दुप्पटच द्यावा लागतो, तेव्हा उत्तर देताना घुटमळू नका.

शोधायचं कुठे? जॉब पोर्टलवर अर्ज ढिगाने येतात, पण त्यात सेटर विरळा. आपल्याच कामगारांना सांगितलं तर ओळखीतून माणूस येतो आणि चांगला येतो, कारण आणणाऱ्याचं नाव पणाला लागलेलं असतं. त्याला बक्षीस द्या, पण दोन हप्त्यांत: अर्धं महिन्यानंतर, अर्धं सहा महिन्यांनी. इन्सर्ट (टूलच्या टोकाला बसणारं कापणारं पातं) आणि टूल पुरवणाऱ्या सेल्समनलाही विचारा. कोणत्या शॉपमध्ये कोण सेटिंग करतो हे त्याला मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं. हालचाल सर्वांत जास्त दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर होते, तेव्हा जाहिरात त्या सुमारास हवी. मुलाखत मात्र कामाच्या दिवशी सकाळी ११ला ठेवू नका. भोसरीत बऱ्याच शॉपची सुट्टी गुरुवारी असते. तो दिवस धरा, नाहीतर पहिली शिफ्ट सुटल्यावरची वेळ द्या.

तोंडी मुलाखत दहा मिनिटं पुरे, बाकी निवड मशीनवर करा. ईएन-८ पोलादाचा ३२ मिमी व्यासाचा तुकडा द्या आणि २५ मिमीची स्टेप टर्न करायला सांगा, टॉलरन्स एच७, म्हणजे २५.००० ते २४.९७९. दोन तास भरपूर झाले. पीस कसा आला याच्याइतकंच हात कसे चालतात तेही पाहा. मोजण्याआधी मायक्रोमीटरचा झीरो तपासला का? जॉब पुसून मोजला का? पहिला कट सुरू होताना रॅपिड (टूलची मोकळी धाव) कमी करून, सिंगल ब्लॉक (प्रोग्रामची एकेक ओळ) लावून चालवलं का? व्यास २५.०५ आला तर काय करशील, असं विचारा. खरा सेटर टॉलरन्सचा मध्य धरतो आणि एक्स वेअरमध्ये (व्यासाच्या वेअर ऑफसेटमध्ये) उणे ०.०६ टाकतो, पण त्याआधी इन्सर्टची नोक बघतो. जो उणे ०.०३ टाकायला जातो, त्याच्या डोक्यात व्यास आणि त्रिज्येचा घोळ आहे. मग आणखी एक प्रश्न: सॉफ्ट जॉ बोअर करताना आत रिंग कशाला पकडायची? चकचा ढिलेपणा निघून जॉ पकडीच्या दाबाखाली बोअर व्हावेत म्हणून. हे सांगणारा मिळाला तर पगारात हजार-दोन हजारांची घासाघीस करत बसू नका. ट्रायलच्या दिवसाचा रोज मात्र द्या; फुकट जॉब काढून घेणाऱ्या शॉपचं नाव चहाच्या टपरीवर दोन दिवसांत पोचतं.

पसंत पडला की नेमणूकपत्र त्याच आठवड्यात. जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आणि ईएसआय नंबर विचारून घ्या, नाहीतर नवा नंबर निघतो आणि पीएफ ट्रान्सफरचं झेंगट मागे लागतं. पळून जाऊ नये म्हणून आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट ठेवून घेण्याची काही ठिकाणी पद्धत आहे. ती सोडा. ज्याला दुसरीकडे काम मिळू शकतं तो या अटीवर येतच नाही, आणि उरतात ज्यांना कोणी घेत नाही ते.

पहिल्या तीन महिन्यांत माणूस सुटतो तो बहुतेक वेळा छोट्या कारणांनी: पगार सात तारखेनंतर, रात्रपाळीला चहा नाही, बाहेरगावहून आलेल्याला खोली मिळेना. खोलीसाठी उचल द्यायची तर परतफेडीचे हप्ते लेखी ठरवा.

सेटर घडवायचाही असतो. आयटीआयच्या टर्नर आणि मशिनिस्ट या ट्रेडना दोन वर्षं लागतात. निकालाआधीच निदेशकांना भेटा, दोन-तीन मुलं अॅप्रेंटिस म्हणून घ्या. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अॅप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे; ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. राष्ट्रीय अॅप्रेंटिसशिप योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के भाग, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र सरकार देतं, पण करार अॅप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर नोंदवलेला असला तरच. पोराला वर्षभर नुसतं डिबरिंगला (कडांवरची कुसळं घासायला) बसवलंत, तर वर्ष संपताच तो शेजारच्या शॉपमध्ये जाईल. पहिले तीन महिने मोजमाप, पुढचे तीन महिने एका मशीनवर ऑपरेटिंग, आणि उरलेल्या सहा महिन्यांत आठवड्याला निदान एक सेटिंग सेटरच्या शेजारी उभं राहून, असा तक्ता करून भिंतीवर लावा.