संगणक सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी या चुका टाळा

"निळं झालं बघ परत!" एवढं ऐकलं की मावशीचा पुढचा फोन ऐकायची गरज नसायची. सांगलीत गावभागात तिचं घर. तिथला डेस्कटॉप वर्षभर असाच, काम चालू असताना निळा पडदा दाखवून बंद पडायचा. दुकानात नेला की फॉरमॅट, असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला काकांच्या निवृत्तीच्या समारंभाचे फोटो गेले ते गेलेच. तिसऱ्या आठवड्यात पडदा पुन्हा निळा. दोष विंडोजमध्ये नव्हताच, दोनपैकी एक रॅम (मेमरीची पट्टी) खराब होती.

सगळ्यांत महागात पडते ती चूक हीच, पडद्यावर काय लिहिलंय ते न वाचता उपचार सुरू करायचे. निळ्या पडद्यावर खाली 'स्टॉप कोड' असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. वाचायच्या आत मशीन रिस्टार्ट होत असेल तर ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्जमध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडा आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' पुढची टिक काढून टाका.

'मेमरी मॅनेजमेंट' आलं तर आधी रॅमकडे बघा. 'आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे, म्हणजे एखादा भाग विंडोजला चालवता यावा म्हणून असलेल्या सॉफ्टवेअरकडे, बोट दाखवतं. 'कर्नल डेटा इनपेज एरर' म्हणजे डिस्क किंवा तिची केबल. इथे बाकी सगळं सोडून आधी फाइली दुसरीकडे कॉपी करा. 'व्हिआ अनकरेक्टेबल एरर' असेल तर हार्डवेअरनेच तक्रार नोंदवलेली असते, मग उष्णता आणि वीजपुरवठा तपासायचा. पण एकाच कोडवर निकाल देऊ नका. मावशीला मी चार वेळचे फोटो काढून ठेवायला लावले, त्यात तीन वेगळे कोड निघाले. ड्रायव्हर बिघडला तर बहुधा तोच तो कोड येतो. दर वेळी नवा यायला लागला की माझा पहिला संशय रॅमवर.

रॅम तपासायला दुकान लागत नाही. प्लग काढा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या, एक रॅम काढा आणि दुसरीवर दोन दिवस काम करा. मग अदलाबदल. चांगली रॅमही एका ठरावीक स्लॉटमध्येच अडत असेल तर दोष मदरबोर्डचा. सोनेरी टोकांवर खोडरबर हलकेच फिरवायची आपल्याकडची रीत खरंच उपयोगी आहे, पावसाळी ओलीत ती टोकं काळवंडतात. कचरा मात्र स्लॉटमध्ये पडू देऊ नका. आणि महिन्याभरात दुखणं परत आलं तर घासत बसू नका. रात्रभर मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा. एक जरी एरर दिसली तरी रॅम बदला, पण आधी बिल शोधा, वॉरंटी शिल्लक असू शकते.

निळा पडदा न येता मशीन एकदम काळं पडून बंद होत असेल तर ते दुखणं वेगळं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) 'कर्नल-पॉवर ४१' दिसतं आणि लोकांना वाटतं कारण सापडलं. ती नोंद एवढंच सांगते की संगणक नीट शटडाउन झाला नव्हता. खरं कारण एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा), घरची वीज किंवा उष्णता यांत शोधायचं. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर आधी वायरमनकडून अर्थिंग बघून घ्या.

मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्या एका मित्राच्या प्रोसेसरचा पंखा मी उघडला, तर हीटसिंकच्या पात्यांमध्ये हळदीच्या धुळीचा पिवळट थर घट्ट बसला होता. एप्रिलच्या दुपारी ते मशीन बंद न पडतं तरच नवल. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावा.

दोन अँटिव्हायरस एकदम ठेवणं आणि 'ड्रायव्हर अपडेटर' म्हणून मिळेल ते उतरवून घेणं, ही दोन्ही कामं तर नकोच. असली सॉफ्टवेअर सिस्टमच्या आतल्या थरात काम करतात. १९ जुलै २०२४ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले होते.

विंडोजच्या फाइली दुरुस्त करणारी 'एसएफसी स्कॅननाऊ' ही आज्ञा चांगली आहे, पण रॅम आणि डिस्क धड आहेत याची खात्री झाल्यावर. खराब रॅमवर दुरुस्ती चालवली तर चांगल्या फाइलीही बिघडू शकतात.

एवढं करूनही दुकानात न्यायचाच झाला तर स्टॉप कोडचे फोटो दाखवा, आणि कॅबिनेटवर चिठ्ठी चिकटवा: 'विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये. आधी रॅम तपासावी.'