खिशातला पहिला बहुउपयोगी चाकू निवडताना: आधी कात्री बघा, मग पाते

माझा पहिला चाकू जत्रेतल्या फेरीवाल्याकडचा. सोळा अवजारे, लाल प्लास्टिकची मूठ, त्यावर कुणाचे नाव नाही, आणि सगळे उघडले की मोराने पिसारा फुलवावा तसा दिसायचा. पहिला स्क्रू फिरवला तो घरातल्या स्विचबोर्डाचा. स्क्रू जागेवर राहिला, पीळ पडला तो स्क्रूड्रायव्हरला. पहिल्याच पावसाळ्यात कात्री गंजून बसली. आमच्या गोव्यातल्या वाड्यावरच्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि "हें खेळणें मरे!" म्हणून परत दिला.

त्यानंतरचे दोन-तीन चाकू मात्र नीट विचार करून घेतले. पहिलाच घ्यायचा असेल तर मी कोणत्या क्रमाने जाईन, ते सांगतो.

१. आठवडाभर नोंद ठेवा

दुकानात जाण्याआधी सात दिवस थांबा. "आत्ता हाताशी काहीतरी हवे होते" असे वाटेल तेव्हा मोबाईलमध्ये एक ओळ लिहून ठेवा. माझ्या यादीत आले ते असे: कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी, शर्टाचा लोंबणारा दोरा, गोळ्यांची पाकिटे, चष्म्याचा ढिला स्क्रू, बोटात रुतलेले कुसळ, फेरीबोटीची वाट बघताना खायला घेतलेला आंबा, स्कूटरच्या आरशाचा नट, आणि जत्रेतल्या नाटकाच्या वेळी पडद्याच्या दोरीला बसलेली निरगाठ.

नीट पाहिले तर यात पाते लागणारी कामे थोडीच. कात्री, चिमटा आणि स्क्रूड्रायव्हर यांचाच भरणा. दुकानात मात्र आपण सर्वांत आधी पातेच उघडतो आणि त्यावरच भाळतो. म्हणून यादी बरोबर घेऊन जा. सोळा अवजारांपैकी किती तुमच्या यादीत बसतात ते मोजा. उरलेल्यांचे फक्त ओझे.

शहाळे सोलणे यादीत आले असेल तर खोडून टाका. ते कोयत्याचे काम. नारळ फोडणे, मासळी कापणे हेही नाही. घरातल्या आदोळीला, म्हणजे विळीला, पर्याय म्हणून हा चाकू घेतलात तर बोट कापून घ्याल आणि मासळीचा वास बिजागरीत महिनाभर राहील.

२. दोन घराण्यांपैकी एक निवडा

एक घराणे स्विस. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कारखाना काढला आणि १८९१ पासून तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. सैनिकाच्या त्या चाकूत पाते, टोच्या, डबा उघडायचे अवजार आणि बंदूक खोलायला स्क्रूड्रायव्हर, एवढेच होते. १८९७ मध्ये त्याची हलकी, देखणी आवृत्ती आली, अधिकाऱ्यांसाठी. तिच्यात एक छोटे पाते आणि बाटलीचे बूच काढायचा पीळदार स्क्रू वाढला. आजचा व्हिक्टोरिनॉक्स त्याच वंशातला.

दुसरे घराणे पक्कडीचे. टिम लेदरमन हा अमेरिकन तरुण १९७५ मध्ये एका जुनाट फियाटमधून युरोप फिरत होता. खिशात साधा चाकू होता, पण गाडी आणि हॉटेलांतले नळ दुरुस्त करताना दरवेळी पक्कड लागायची. मग त्याने पक्कडीच्याच मुठीत बाकीची अवजारे बसवली. ती बाजारात यायला १९८३ उजाडले.

यादीत नट, तार, नळ, बाईक हे शब्द पुन्हा पुन्हा आले असतील तरच पक्कड घ्या. एरवी स्विस पद्धतीचा चाकू पुरे. कारण वजन. मधल्या आकाराचा स्विस चाकू साठ ते शंभर ग्रॅमचा. लेदरमनचा लोकप्रिय 'वेव्ह' दोनशे चाळीस ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाव किलो. आपल्याकडच्या उकाड्यात पातळ सुती पॅण्ट घालायची आणि खिशात पाव किलो लोखंड, हे चार दिवस चालते. पाचव्या दिवशी ते स्कूटरच्या डिकीत जाते, आणि डिकीतले अवजार गरजेच्या वेळी नेमके स्कूटरबरोबर दुसरीकडे असते. पैशांतही फरक आहे: चांगला स्विस चाकू चार आकडी रकमेत मिळतो, मोठी पक्कड बऱ्याचदा पाच आकडी होते.

३. आकार ठरवा

स्विस चाकू मिटल्यावर किती लांब, यावरून त्याचे वर्ग पडतात. ५८ मिलिमीटरचा किल्ल्यांच्या जुडग्यात अडकतो, वजन वीसेक ग्रॅम. त्यात छोटे पाते, कात्री, नखांची कानस, चिमटा आणि दातकोरणे. कचेरीत बसून काम करणाऱ्याला एवढा खरोखर पुरतो. लोक उगाच त्याला बायकी म्हणून हिणवतात. ९१ मिलिमीटरचा हा मधला, बहुतेकांनी हाच घ्यावा. १११ मिलिमीटरचा बागायतीत आणि डोंगरात फिरणाऱ्यांसाठी.

९१ मध्येही निवड आहेच. 'स्पार्टन' सर्वांत सडपातळ, पण त्यात कात्री नाही. 'क्लाइंबर'मध्ये कात्री आहे. 'हंट्समन'मध्ये कात्री आणि करवत दोन्ही. माझे मत 'क्लाइंबर'च्या बाजूने. करवतीचा मोह होतो, फांदीवर ती चालतेही झकास, पण सत्तरी-सांग्याकडच्या गावांत ज्यांचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे त्यांच्याकडे याहून चांगला कोयता असतोच, आणि पणजीत फ्लॅटमध्ये राहणारा काय कापणार?

आता तो पीळदार स्क्रू. गोव्यात राहतो म्हणून तो हवाच असे कुणी म्हणेल, पण फेणीच्या बाटलीलाही हल्ली बहुधा फिरकीचे झाकण असते. 'टिंकर'मध्ये त्याच जागी चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर मिळतो. तरीही मी पीळवालाच घेतो. घट्ट बसलेली गाठ सोडवायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही: टोक गाठीत रुतवायचे, फिरवायचे, ओढायचे. नाटकाच्या पडद्याची ती निरगाठ तशीच सुटली, दोरी न कापता. चौफुलीच्या स्क्रूचे म्हणाल, तर डबा उघडायच्या अवजाराचे निमुळते टोक त्यात चपखल बसते.

४. हातात घेऊन तपासा

शक्यतो दुकानातच घ्या, कारण ही तपासणी फोटोवर होत नाही.

एकेक अवजार उघडा. शेवटी 'टक्' असा स्वच्छ आवाज यायला हवा. पाते उघडे ठेवून टोकाशी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. डुगडुगले तर खाली ठेवा. चाकू उजेडासमोर आडवा धरा. थरांमधून प्रकाशाच्या चिरा दिसल्या तर तिथेच पुढे पाणी आणि मीठ शिरणार. कात्रीने सुटा धागा कापून पाहा, कागद नव्हे. कागद कोणतीही कात्री कापते, धागा मात्र वाईट कात्रीच्या पात्यांमध्ये दुमडून अडकतो. पात्याच्या मुळाशी कंपनीचे नाव खोल आणि रेखीव उमटलेले हवे. नकली मालावर अक्षरे उथळ असतात, कधी एखादे अक्षरच गायब असते.

नख घालून पाते उघडायची खाच असते. तुमचे नख तुटू लागले तर तो चाकू तुमच्यासाठी नाही. आईला किंवा आजीला द्यायचा असेल तर त्यांच्याच हातून उघडून घ्या.

५. कुलूप हवे का?

साधा स्विस चाकू उघडा राहतो तो पाठीवरच्या स्प्रिंगच्या दाबाने. पात्याच्या पाठीवर जोर पडला की तो मिटतो, आणि मध्ये बोट असेल तर बोटावर. मोठ्या चाकूंत पाते उघडल्यावर अडकवून ठेवणारे कुलूप असते आणि काही चाकू एका हाताने, अंगठ्याने उघडतात.

एका गणेशचवथीला आदल्या रात्री मी शिडीवर उभा राहून माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची फळापानांची चौकट, बांधत होतो. डाव्या हातात सुपारीचा घड, केवणीच्या सालीची दोरी निम्मी गुंडाळलेली, आणि उरलेली कापायला चाकू खिशात. एका हाताने तो उघडेना. मी दातांनी पाते ओढले. खाली टॉर्च धरून उभ्या असलेल्या काकींनी जे सुनावले ते इथे लिहीत नाही. पात्याला कालच्या कैरीची चव होती, एवढे आठवते.

एवढे झाल्यावरही पहिला चाकू म्हणून मी बिनकुलपाचा, दोन हातांनी उघडणाराच सुचवतो. सावकाश उघडायची आणि मिटताना बोटे बाजूला ठेवायची सवय त्याने लागते. शिवाय बसस्टँडवर अंगठ्याने खटकन पाते काढले की शेजारचा माणूस दोन पावले सरकतो. माटोळीसाठी कात्री दोरीने गळ्यात बांधून शिडीवर चढावे, हा शहाणपणा पुढच्या वर्षी आला.

६. 'स्टेनलेस'वर विसंबू नका

या पोलादात क्रोमियम असते, त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर बनतो आणि गंज रोखला जातो. मिठातले क्लोराइड नेमका तोच थर फोडते. समुद्राची हवा, घाम आणि चार महिन्यांचा पाऊस, तिन्ही आपल्या नशिबी. गंज आधी धरतो तो चकचकीत पात्यावर नव्हे, तर पाणी साचून राहते त्या बिजागरीत.

किनाऱ्यावरून आलात की कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणात बुडवून सगळी अवजारे दहा वेळा उघडमिट करा, पुसून पंख्याखाली वाळवा आणि बिजागरीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा. फळ कापण्याआधी पाते पुसून घ्या. खोबरेल नको; कालांतराने खवट वास येतो आणि धूळ चिकटते. फणस कापताना तेवढे पात्याला खोबरेल लावा, चीक बसत नाही, पण नंतर धुऊन टाका. कोकम, बिंबल, कैरी यांच्या आंबट रसाचे डागही लगेच धुतले तरच जातात. हिरव्या काजूबीच्या वाटेला मात्र या चाकूने जाऊ नका. टरफलातले तेल हाताची कातडी सोलते, ते बिजागरीत उतरले तर पुढच्या वेळी तुमच्याच बोटांना लागेल.

७. कायदा आणि विमानतळ

शस्त्र कायदा १९५९ चा. त्याखालच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात. घरगुती आणि शेतीची अवजारे त्यातून वगळली आहेत. आपल्या चाकूचे पाते अडीच-तीन इंचांचे, त्यामुळे तो यात बसत नाही. पण निवडणुकीच्या काळात किंवा तंग वातावरणात जिल्हाधिकारी हत्यारे बाळगण्यावर वेगळी बंदी घालू शकतात. तेव्हा तो घरीच ठेवा. बटण दाबून उघडणारे, रामपुरी छापाचे पाते घेऊच नका. आणि पोलिसांनी विचारले तर "स्वसंरक्षणासाठी" असे उत्तर देऊ नका. तो त्यासाठी नाहीच.

दाबोळी असो की मोपा, विमानात हातातल्या सामानात चाकू चालत नाही, किल्ल्यांतला छोटासुद्धा. मी एक तसाच गमावला आहे. निघण्याच्या आदल्या रात्रीच किल्ल्यांतून काढून मोठ्या बॅगेत टाका.

धार लावायला बारीक दगड पुरतो. पाते दगडाशी साधारण वीस अंशांवर धरा आणि दोन्ही बाजू सारख्या वेळा ओढा. कधी लावायची ते पिकलेला टोमॅटो सांगतो: साल न चिरता दबली की वेळ झाली. एरवी माझा वर्षाचा मुहूर्त खंडेनवमी. पाऊस सरत आलेला असतो, घरातले कोयते, पारया (पहारी), आदोळी धुऊन पुसून पाटावर मांडतात, आणि त्या रांगेत शेवटी हा बोटभर लाल चाकूही झेंडूचे फूल वाहून घेतो. तेल त्याला आदल्या दिवशीच घातलेले असते.